निखाऱ्यावरचे पहिले धडे

कोलकात्याची थंडी अल्पायुषी असते. डिसेंबरच्या मध्यास ती येते आणि फेब्रुवारी सरण्यापूर्वीच निरोप घेते. म्हणूनच की काय, तेवढ्या आठ-दहा आठवड्यांत तेथील माणसे शक्य तितका वेळ उघड्यावर काढतात. मैदानावर ऊन खात बसावे, एखाद्या रविवारी सहकुटुंब नदीकाठी जावे आणि सर्वांनी मिळून तेथेच रांधून जेवावे, हा त्यांचा जुना रिवाज. त्याला बंगालीत ‘चडुइभाती’ असे गोड नाव आहे. आपल्याकडेही याच दिवसांत शेतात हुरड्याची आगटी पेटते आणि अलिबागेकडे पोपटीची मडकी जाळात ठेवली जातात. शहरातल्या कुटुंबाला शेत किंवा नदीकाठ सहज मिळत नाही. त्यामुळे गच्चीवर शेगडी मांडून कबाब भाजण्याची हौस आता अनेक घरांत दिसते. तुमचाही असा बेत असेल आणि कोळशाशी तुमचा कधी संबंध आला नसेल, तर चार गोष्टी आधी जाणून घ्याव्यात.

कबाबासाठी कोलकात्याकडे पाहण्यास कारण आहे. १८५६ साली इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले. नबाब वाजिद अली शाह त्याच वर्षी कोलकात्यास आले आणि शहराच्या दक्षिणेस मटियाबुर्ज येथे त्यांनी आपली वस्ती वसवली. १८८७ साली त्यांचा अंत झाला; परंतु लखनौची खाद्यपरंपरा त्या शहरात रुजली ती कायमची. पुढे १९३२ साली न्यू मार्केटच्या परिसरात ‘निझाम’ हे उपाहारगृह निघाले. तेथे सळईवर भाजलेले कबाब पराठ्यात गुंडाळून देऊ लागले. काही वर्षांनी जड लोखंडी सळयांच्या जागी बांबूच्या हलक्या काड्या आल्या. बंगालीत काडीला ‘काठी’ म्हणतात, म्हणून पदार्थाचे नाव पडले ‘काठी रोल’. मराठी वाचकाला हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही.

आता कोळशाविषयी. बाजारात दोन प्रकारचे कोळसे मिळतात आणि नवख्या माणसाची गफलत बहुधा येथेच होते. कोलकात्यातील मातीने लिंपलेल्या बादलीच्या चुलींत, म्हणजे ‘उनुन’मध्ये, पिढ्यान् पिढ्या जळला तो राणीगंजकडील दगडी कोळसा. त्याच्या धुरात गंधक असते. भांड्याखाली तो एक वेळ चालेल; उघड्या अन्नाखाली मुळीच चालणार नाही. आपल्याला हवा तो लाकडाचा, लोणारी कोळसा. बंगाली दुकानदाराकडे ‘काठ-कयला’ मागावा. हवा फारशी लागू न देता लाकूड तापवले म्हणजे त्यातील पाणी व धूर होणारी द्रव्ये निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. म्हणून तो पूर्ण पेटल्यावर धूर जवळजवळ होत नाही आणि आच मात्र प्रखर लागते. हातात घेतलेला तुकडा हलका असावा, दुसऱ्यावर आपटल्यास खणखणावा. ओलसर कोळसा तडतडतो व ठिणग्या उडवतो.

पेटवण्यासाठी रॉकेल वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा. अन्नाला त्याचा वास लागतो, आणि पेटत्या कोळशावर रॉकेल ओतणे म्हणजे अपघातास आमंत्रण देणे होय. दुर्गापूजेत बंगाली घरांतून जी धुनुची फिरते, तिच्यात विस्तव धरण्यासाठी नारळाचा काथ्या घालतात. तोच येथेही उत्तम. कोकणातील गृहिणींना सुक्या सोडणाचे गुण वेगळे सांगावयास नकोत. तळाशी काथ्या, त्यावर बारीक कोळसे, वर मोठे कोळसे असा ढीग रचून खालून पेटवावा. शेगडीचे खालचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे आणि विंझण्याने हळूहळू वारा घालावा.

यानंतर वीस ते तीस मिनिटे थांबावे. गॅसची कळ फिरवताच ज्योत मिळण्याची सवय झालेल्या आपल्याला हे थांबणेच सर्वांत अवघड जाते. ज्वाला दिसली की आपण सळया मांडतो. मांस बाहेरून करपते आणि आत कच्चे राहते. ज्वाळेवर भाजायचेच नसते. ज्वाळा बसून कोळशांवर राखेची पांढुरकी साय धरली आणि आत लाली दिसू लागली, म्हणजे निखारा तयार झाला असे समजावे. जाळीपासून चार-पाच इंच वर तळहात धरावा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच कडक आहे. चार-पाच सेकंद सोसवला तर मध्यम, आणि ही मध्यम आच बहुतेक पदार्थांना मानवते. सर्व निखारे एकसारखे न पसरता एका बाजूला अधिक ठेवावेत व दुसरी बाजू जवळजवळ मोकळी सोडावी. चरबी ठिबकून भडका उडाला की पाणी न मारता सळया या मोकळ्या बाजूस सरकवाव्यात.

पहिल्या प्रयत्नासाठी कोंबडीच्या मांडीचे, हाडे काढलेले अर्धा किलो मांस घ्यावे. छातीचे मांस लवकर कोरडे पडते. इंचभर तुकड्यांना घट्ट दही, आले-लसूण, मीठ, तिखट, गरम मसाला आणि, बंगालची आठवण म्हणून, चमचाभर मोहरीचे तेल चोळून चार तास शीतकपाटात ठेवावे. मटण असेल तर एक लहान चमचा कच्च्या पपईचा कीस लावावा. पण तो रात्रभर ठेवू नये, मांसाचा लगदा होतो. शाकाहारी मंडळींनी पनीर, भोपळी मिरची, कांदा यांना हाच मसाला लावावा. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, नाहीतर त्याच आधी जळतात. तुकडे एकमेकांस घट्ट चिकटवू नयेत. वरचेवर फिरवत दहा-बारा मिनिटे भाजल्यावर एक तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी रंग दिसता कामा नये. स्वयंपाकाचा तापमापक जवळ असल्यास मांसाच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सियस भरले पाहिजेत. कच्चे मांस ठेवलेल्या ताटात भाजलेले वाढू नये, आणि उरलेला मसाला वरून ओतू नये.

एक सूचना मात्र घरातील लहानथोरांना वाचून दाखवावी. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो व शरीराची आतल्या आत घुसमट होते. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, हा समज जीवघेणा आहे. दर हिवाळ्यात शेगडी उबेसाठी खोलीत ठेवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. तेव्हा शेगडी गच्चीवर किंवा अंगणातच पेटवावी. बंद सज्जात, जिन्यात, खोलीत कधीही नाही, आणि रात्री गारठा वाढला तरी ती आत आणू नये. कोणाचे डोके दुखू लागले, चक्कर आली, मळमळले किंवा गुंगी आली, तर त्यास ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे व डॉक्टरांना बोलवावे.

गच्चीवरील शेजाऱ्यांच्या वाळत्या कपड्यांचाही विचार करावा. शहराची हवा हिवाळ्यात आधीच जड असते, म्हणून कोळसा मोजकाच जाळावा. चौघांच्या कुटुंबाला किलोभर पुष्कळ होतो.

कबाब उतरले तरी निखारे तासभर तग धरतात. त्या मंद विस्तवावर एक मोठे वांगे ठेवून द्यावे. खानदेशी वाचक म्हणतील, भरितासाठी वांगे काड्यांच्या जाळावरच भाजले पाहिजे; त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ‘बेगुन-पोडा’ एकदा करून पाहावा. साल काढून, कुस्करून, त्यात चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ आणि कच्चेच मोहरीचे तेल घालतात. फोडणी देत नाहीत. शेवटी निखाऱ्यांवर पाणी शिंपडून ते पुरते विझवावेत आणि झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावेत. राखेखाली विस्तव बराच वेळ जिवंत राहतो, म्हणून ती लगेच कचऱ्यात टाकू नये. अर्धवट जळलेले तुकडे उन्हात वाळवून ठेवल्यास पुढच्या रविवारी ते नव्या कोळशाहून लवकर पेटतील.