कंडेन्सरवर 440 का लिहितात?

बडनेरा जंक्शनच्या फलाटावर मान वर केली की विजेची तार पेलून धरणारे इन्सुलेटर दिसतात. त्या तारेत 25 हजार व्होल्ट खेळत असतात. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवर. 25 हजारांची एसी पद्धत रेल्वेने 1950 च्या दशकाच्या शेवटी स्वीकारली आणि पुढे भुसावळ-नागपूर मार्गालाही तीच मिळाली. पण 25 हजार हे नुसते नाव. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तारेतला दाब कायम साडेसत्तावीस हजार राहिला तरी चालतो आणि पाच मिनिटांपुरता 29 हजारांपर्यंतही चढू शकतो. उपकरणाचा आकडा ठरवताना विचार करायचा तो या चढलेल्या दाबाचा.

स्वच्छ, कोरडी हवा दर सेंटीमीटरला सुमारे 30 हजार व्होल्ट तोलते. त्या हिशेबाने रेल्वेच्या तारेला दीड सेंटीमीटरचे अंतर पुरायला हवे. ते पुरत नाही, कारण खरा धोका हवेतून नसून इन्सुलेटरच्या अंगावरून असतो. उन्हाळाभर काळ्या मातीची धूळ त्यावर बसत राहते. कोरडी असेतो ती निरुपद्रवी. वळवाच्या चार थेंबांनी भिजली की तिच्यातून वीज सरकू लागते. म्हणून इन्सुलेटरला त्या थाळ्या असतात. तारेपासून खांबापर्यंत पृष्ठभागावरून मोजलेली वाट रेल्वे 850 मिलिमीटर ठेवते, आणि प्रदूषण जास्त असेल तिथे 1050.

वळवाबरोबर वीजही कडाडते. शिवारातल्या डीपीला येणारी लाइन 11 हजारांची. त्या वर्गाच्या उपकरणांची कमाल मर्यादा 12 हजार धरतात, पण प्रयोगशाळेत त्यांना एक मिनिट 28 हजार सोसावे लागतात. वर 75 हजारांचा कृत्रिम तडाखाही बसतो. तो 1.2 मायक्रोसेकंदात शिखर गाठतो आणि 50 मायक्रोसेकंदांत निम्म्यावर येतो. यातून जे तरते, त्यालाच 11 हजारांची पाटी लागते.

आता घरात येऊ. एलईडी दिव्याच्या पोटातल्या कंडेन्सरवर बहुधा 400 व्होल्ट छापलेले असते. घरचा दाब 230. तो दहा टक्के वाढला तर 253. एसीचे शिखर याच्या 1.414 पट, म्हणजे जवळपास 358. बाजारात मिळणारी त्यावरची ठरीव पायरी 400 ची.

मग कूलरच्या कंडेन्सरवर 440 का? मोटरमध्ये तो एका वाइंडिंगला जोडून बसतो आणि त्या जोडीमुळे त्याच्यावरचा दाब 230 च्या बराच वर चढतो. अकोला-अमरावतीकडे उन्हाळ्यात ‘कंडेन्सर गेला’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, पण दुकानात गिऱ्हाईक 440 तेवढे बघते. खरे तर शेजारचे बारीक अक्षर बघायला हवे. ‘बी’ वर्गाचे अपेक्षित आयुष्य 10 हजार तास, ‘सी’ वर्गाचे 3 हजार. कूलर रोज 14 तास, चार महिने चालला तर एका हंगामाचे 1680 तास होतात. म्हणजे ‘सी’ दुसरा उन्हाळा संपता संपता थकतो. ‘बी’ जवळपास सहा उन्हाळे काढतो. व्होल्ट दोन्हींवर तेच. किती तास सोसायचे हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, आणि ते अक्षर एवढे बारीक छापणे ग्राहकावर अन्यायच आहे.

एसी की डीसी, यानेही आकडा बदलतो. एकाच छोट्या रिलेवर 250 व्होल्ट एसी आणि 30 व्होल्ट डीसी असे दोन आकडे छापलेले असतात. रिलेचा संपर्क तुटताना ठिणगी पडते. आपल्या एसीतला प्रवाह सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, त्यामुळे ती विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही आणि ठिणगी जळत राहते. सौर कृषिपंपाच्या पॅनेलकडून येणाऱ्या वायरीवर घरातला एसीचा एमसीबी बसवणे म्हणूनच धोक्याचे आहे. त्यातून आग लागू शकते.

पॅनेलचा आणखी एक गुण वऱ्हाडात चकवतो. उन्हाने ते तापले की त्याचा दाब उतरतो आणि गारठ्यात वाढतो, दर अंशाला साधारण 0.3 टक्के. 25 अंशांना 50 व्होल्ट देणारी दहा पॅनेल एका साखळीत जोडली तर 500 व्होल्ट होतात. डिसेंबरच्या सकाळी 10 अंशांना तीच साखळी 522 च्या पुढे जाते. पंपाचा कंट्रोलर निवडताना म्हणून मे महिन्याचा नव्हे, डिसेंबरातल्या सकाळचा दाब धरतात.