गॅदरिंगचं नाटक: राजा कुणाला करायचं?

मागच्या महिन्यात तिघांचे मेसेज आले आणि तिघांचा प्रश्न एकच होता: "गावाकडच्या शाळेनं गॅदरिंगचं नाटक बसवायला बोलावलंय, सुरुवात कुठून करू?" मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, नाटकवाला नाही. पण दोन वर्षांपासून कळमनुरीत घरूनच काम करतोय आणि हिवाळ्यात एका शाळेत पाचवी ते आठवीच्या लेकरांचं नाटक बसवतोय. तेवढ्या अनुभवावर बोलतो.

बहुतेक नाटकं पहिल्याच दिवशी बिघडतात, पात्रं निवडताना. होतं काय, की सर किंवा मॅडम स्क्रिप्टचा कागद हातात देतात आणि म्हणतात, "वाच." जो धडाधड आणि मोठ्यानं वाचतो तो राजा. अडखळणारा शिपाई. जो वाचतच नाही तो झाड! आता ही परीक्षा वाचनाची झाली, अभिनयाची नाही. आपल्याकडं एकाच वर्गात कुणाच्या घरी गोरमाटी बोलतात, कुणाच्या घरी दखनी, आणि उरलेल्यांच्या घरी आपली "काय करायलास" वाली मराठी. पुस्तकातली मराठी ज्यांच्या घरात आधीच आहे, त्यांनाच दरवर्षी बोलायला मिळतं. बाकीचे सातवी-आठवीपर्यंत झाडच राहतात.

म्हणून पहिले दोन दिवस कागद काढायचाच नाही. नुसता प्रसंग द्यायचा. "आठवडी बाजारात आईनं दिलेले पन्नास रुपये हरवले. आता घरी जाऊन काय सांगशील?" एक जण लेकरू, दुसरा आई. दोन मिनिटं. आपण मागं बसून फक्त तीन गोष्टी बघायच्या: समोरच्याचं ऐकून उत्तर देतो का, शेवटच्या रांगेत आवाज येतो का, आणि गडबड झाली तर सावरतो का.

सहावीतल्या एका मुलीबद्दल मला आधीच सांगितलं होतं, "तिला उभी करू नका, ती बोलतच नाही." तांड्यावरून येते, वर्गात खरंच गप्प असते. तिला आई केलं. तिनं समोरच्या पोराला अर्धं गोरमाटीत, अर्धं मराठीत असं झापलं की पोरगं खरोखर रडकुंडीला आलं. आमच्या नाटकातला सावकार तिनंच केला. आठवीनंतर यातल्या किती मुली शाळेत दिसतील सांगता येत नाही. सगळ्या गावासमोर माईकवर बोलायची संधी त्यांना नंतर कधी मिळणार?

मुलीला सावकार कसा करायचा, असं कुणी विचारलं तर रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'चं उदाहरण द्या. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि 2018 साली नाटक परत आलं तेव्हा वैभव मांगलेंनी. बाप्या माणूस चेटकीण होतो, तर मुलगी सावकार का नाही?

भाषेचंही तसंच. स्क्रिप्टमध्ये असतं, "महाराज, आपण चिंतित का दिसता?" पोरांना विचारा, तुमच्या घरी हे कसं म्हणाल? "महाराज, कामून गप बसलात?" बस, वाक्य झालं. पाठांतराची निम्मी कटकट इथंच संपते, कारण स्वतःचं वाक्य कुणी विसरत नाही. "हे अशुद्ध आहे" म्हणणारं कुणीतरी भेटणारच. त्यांना लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवायला सांगा. मराठवाड्याच्या बोलीत एकटा माणूस 52 पात्रं करायचा आणि पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत लोक पोट धरून हसायचे. मतकरींनीही शेवटच्या काही वर्षांत ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. तिथं मुलं आपल्याच आयुष्यातले विषय घेऊन नाटकं करायची.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. सगळी सिस्टिम एकाच सर्व्हरवर ठेवायची नसते. कुणाचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कुणाच्या घरी जानेवारी सरता सरता हळदीची कामं निघतात, कुणाला ऐन वेळी ताप येतो. म्हणून प्रत्येक मोठ्या भूमिकेला दोन मुलं ठेवा. दुसऱ्याला गावकऱ्यांच्या घोळक्यात घ्या, म्हणजे तो रोज तालमीला असतो आणि वाक्यं आपोआप कानावर पडतात. फक्त "तू राखीव आहेस" असं सांगू नका हो. गावकऱ्यांनाही दोन-तीन खरी वाक्यं द्या.

माईक हा विषय कुणी गंभीरपणे घेत नाही. मंडपात बहुतेक वेळा दोनच स्टँडचे माईक असतात. घरात बसवलेलं सुंदर नाटक तिथं आलं की लेकरं बोलायच्या आधी माईककडं पळतात. तर पहिल्या आठवड्यापासून तालमीत दोन काठ्या रोवा आणि त्यांना माईक समजा. भांडण असेल तर दोघं दोन काठ्यांशी. घोळका मधे, थोडा मागं. आजकाल आधीच आवाज रेकॉर्ड करून पोरांना नुसते ओठ हलवायला लावतात. मला ते अजिबात पटत नाही. वायर निघाली की नाटक मुकं होतं, आणि त्या सावकारणीसारख्या मुलीचा आवाज गावाला ऐकू येतो तो फक्त स्पीकरच्या डब्यातून.

कपड्यांवर डोकं फोडू नका. धोतर, फेटा, आजीचं लुगडं गावात मिळतं.

रंगीत तालीम मात्र दोन दिवस आधी, पूर्ण कपड्यांत, आणि समोर पहिली-दुसरीची पोरं बसवून करा. ती नको तिथं हसतात, मधेच उठतात, "ए, तो माझा दादा आहे!" म्हणून ओरडतात. स्टेजवरचे पहिल्यांदा गडबडतात, मग हसू ओसरेपर्यंत थांबायला शिकतात. आमचा सावकार त्या दिवशी एका वाक्यावर चांगला दहा सेकंद थांबला होता, कमरेवर हात ठेवून.