स्वस्त खाद्याचा महाग हिशेब

वराह हा विष्णूचा तिसरा अवतार. पण डुक्कर म्हटले की आपण नाक मुरडतो. म्हणूनच की काय, थोड्या भांडवलावर डुकरे पाळणाऱ्या कुटुंबाचा हिशेब आपल्या वाचनात फारसा येत नाही. तो इथे मांडतो.

मांसासाठी डुकरे वाढवताना एकूण खर्चातला साधारण ६० ते ७० टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. साहजिकच पाळणारा स्वस्त खाद्य शोधतो. माझ्या मते मात्र खाद्याच्या किलोचा भाव हे मापच अपुरे आहे. एक किलो वजन वाढायला किती रुपये लागले, हे पाहायला हवे. समजा, ३२ रुपये किलोचे खाद्य तीन किलो खाल्ल्यावर वजन एक किलोने वाढते. म्हणजे खर्च ९६ रुपये. २४ रुपयांच्या निकस खाद्यावर तेवढ्याच वाढीला साडेचार किलो लागले, तर खर्च १०८ रुपये. स्वस्त तेच महाग पडले.

असे का होते? पोटात गेलेल्या खाद्यातून शरीर आधी स्वतःला जगवते. वाढ होते ती उरलेल्यातून. जनावर सावकाश वाढले, तर निव्वळ जगण्याचा हा खर्च तितके जास्त दिवस सोसावा लागतो. दुसरे कारण प्रथिनांचे. मका आणि कोंडा यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. पंगतीत वरण संपले की भाताची रास असूनही जेवण अडते, तशी लायसिन संपले की मांसाची वाढ अडते. ही उणीव सोयाबीनची पेंड भरून काढते. पण महाग म्हणून पहिली कात्री लागते ती तिलाच.

विक्रीची वेळही खाद्याच्याच हिशेबात येते. मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, चरबीत अगदी थोडे. त्यामुळे वय वाढून चरबी धरू लागली की पुढचा प्रत्येक किलो अधिक खाद्य मागतो. भाव वाढेल या आशेने थांबणाऱ्याने ही वजाबाकीही करावी.

राहिले हॉटेलांतले खरकटे. ते फुकट मिळते, पण त्यात पाणीच फार. पोट भरते, पोषण पुरत नाही. गोव्यातील आगोंद गोवन या देशी जातीसारखी काटक जनावरे अशा उष्ट्यामाष्ट्यावर तग धरतात. दोन-चार जनावरे असतील आणि घाई नसेल, तर ते परवडतेही. धोका वेगळाच आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशातून भारतात प्रथम नोंदला गेला. डुकराच्या मांसाचे कच्चे तुकडे खरकट्यात आले, तर त्यांतूनही तो पसरतो. त्यावर औषध नाही. लागण झाली की कळपच्या कळप मारावा लागतो. खरकटे नीट उकळून घालायला सरपण लागते, वेळही लागतो. ज्यांची सारी बचत त्या कळपातच अडकलेली असते, त्यांनी हा खर्च टाळू नये.