जीआरईचे शब्द: पाठ आहेत, पण कळले का?

अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी जीआरई देणारे अनेक जण आधी हजारभर शब्दांची यादी घोकायला बसतात. ही सवय जुन्या परीक्षेची. ऑगस्ट 2011 मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दजोड्यांचे प्रश्न गेले. आता वाक्यातली रिकामी जागा भरायची असते. एका प्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे, आणि दोन्ही बरोबर आले तरच गुण. तिथे अडवतात ते बहुधा ओळखीचेच शब्द. ‘सँक्शन’ म्हटले की आपल्याला कर्जमंजुरी आठवते; पण निर्बंध लादणे हाही त्याचाच अर्थ. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे, तसेच आपल्या विधानाला मुरड घालणेही. यांतला कोणता अर्थ घ्यायचा, ते यादी सांगत नाही, आजूबाजूचे वाक्य सांगते.

वेळ कमी असताना यादीशिवाय भागत नाही, असे कुणी म्हणेल. खरे आहे, ‘लॅकॉनिक’ कधी भेटलाच नसेल तर संदर्भ तरी किती हात देणार? पण यादीने नुसती तोंडओळख होते. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले होते, की निरर्थक अक्षरांचे पाठांतर झपाट्याने पुसले जाते आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. तेव्हा रोज दहाच शब्द घ्या, प्रत्येकाचे एक वाक्य वहीत लिहा आणि आठवड्याने अर्थ झाकून पाहा.