दगडू गेला, विहान आला! पोरांची नावं कशी बदलत गेली?

आमच्या आजोबांचं नाव दगडू. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून पणजीनं तिसऱ्याला दगडाचं नाव ठेवलं. शाळेत घालताना गुरुजींनी मात्र 'दत्तात्रय' लिहिलं. पुढं सातबाऱ्यावर दगडू आणि मृत्यूच्या दाखल्यावर दत्तात्रय असं झालं. वारस नोंदीसाठी वडिलांनी 'ही दोन्ही नावं एकाच माणसाची' असं प्रतिज्ञापत्र केलं, तरी आठ महिने हेलपाटे मारावे लागले.

परवा भावकीत बारसं होतं. आत्यानं कानात नाव सांगितलं, 'विहान'. पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. मग चर्चा सुरू झाली की इंग्रजीत एक 'ए' लिहायचा का दोन. तेव्हा आजोबांची आठवण झाली.

दगडू, धोंडू, केरबा का?

पूर्वी लेकरं जगायची खात्री नव्हती. देवी, पटकी, धनुर्वात यात घरंच्या घरं रिकामी व्हायची. लेकराला नजर लागू नये, काळानं त्याच्याकडं बघू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवायचे. दगडू, धोंडू म्हणजे दगडासारखा टिकू दे. केरबा म्हणजे केरात टाकलेला. भिकू म्हणजे देवाकडं भीक मागून मिळालेला. नाव हलकं असलं तरी त्यात आईबापाचा जीव अडकलेला असायचा.

दुसरी नावं देवाची. खंडोबावरून खंडू, म्हसोबावरून म्हसू, बिरोबावरून बिरू, भैरोबावरून भैरू. वारकऱ्यांच्या घरात ज्ञानोबा, तुकाराम, नामदेव, पांडुरंग. नवसाची नावंही होती. शिवाजी महाराजांच्या वडिलांचं शहाजी हे नाव नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवलं, अशी हकिकत सांगतात.

वारं बदललं तशी नावं बदलली

14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर अनेक घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद ही नावं आली. राहुल हा बुद्धांचा मुलगा, आनंद त्यांचा शिष्य. मिलिंद म्हणजे भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिनँडर. जातीवरून लादलेली हलकी नावं टाकून लोकांनी स्वतःच्या मनानं नावं निवडली, ही साधी गोष्ट नव्हती.

पुढं शाळा, रेडिओ, सिनेमा गावात आला आणि संजय, सुनील, राजेंद्र, अनिल वाढले. 1989 ला सचिन तेंडुलकर कसोटी खेळला, मग गल्लोगल्ली सचिन दिसू लागले. गंमत म्हणजे तेंडुलकरांचं नाव त्यांच्या वडिलांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं होतं.

आता आरव, विहान, अर्णव, रुद्र, शिवांश यांचा जमाना. विहान म्हणजे पहाट, अर्णव म्हणजे समुद्र. राशीचं अक्षर पंचांगातून आणि नाव मोबाईलमधून. आता लस आहे, दवाखाना आहे, म्हणून काळाला फसवायची गरज उरली नाही. दगडू गेला याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण कागदाची कटकट तशीच राहिली.

कागदावर काय सांभाळायचं?

1. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करा. जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते. गावात झाला तर ग्रामपंचायतीत, शहरात झाला तर तिथल्या नगरपालिकेकडं.

2. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका. बिननावाची नोंद होते. नंतर 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क लागतं.

3. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, मतदार यादी, लायसन्स यासाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. त्यावरची चूक पुढं सगळीकडं जाते.

4. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव राज्यात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहितात. म्हणून आईच्या नावाचं स्पेलिंगही तिच्या आधारप्रमाणंच द्या.

5. इंग्रजी स्पेलिंग घरात एकदा ठरवा आणि चिठ्ठीवर लिहूनच द्या. तोंडी सांगू नका. दाखला हातात आला की तिथंच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा.

घरात म्हाताऱ्या माणसांची दोन नावं असतील तर ते हयात असतानाच आधार आणि सातबारा शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर तलाठ्याला विचारून आत्ताच दुरुस्तीला लावा. माणूस गेल्यावर तेच काम किती लांबतं, ते आम्ही भोगलंय.

परवाच्या विहानचं स्पेलिंग शेवटी दोन 'ए'नं ठरलं. आत्यानं ते लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून बापाच्या खिशात घातलं.