खिडकीवरचा पत्रा आणि छपरावरचा दगड

छपराची कैची भिंतीला कशी बांधायची, हे आज सांगणार होतो. ते पुढे ढकलतो. कारंजा तालुक्यातल्या धनजहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो कैचीच्याही आधीचा आहे. अमेरिकेत चक्रीवादळ येणार म्हटलं की लोक दारं-खिडक्यांवर पन्हाळी पोलादी पत्रे बोल्टने आवळून बसवतात, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं. ते विचारतात, "भाऊ, आमच्याकडं दर उन्हाळ्यात टिनं उडतात, खिडकी कोणाचीच उडत नाही. मग ते लोक खिडकीच्या मागं का लागले?"

छप्पर वाचवायला, हे त्याचं उत्तर.

वारा छपराला वरून दाबत नाही. तो त्याच्यावरून वेगाने जाताना त्याला वर ओढतो. १२० किलोमीटर वेगाच्या झोताचा दाब चौरस मीटरला साधारण ६८ किलो भरतो. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. आता दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद टिन घ्या. त्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास, आणि त्या झोतात त्याला वर नेणारी ओढ दोनशे किलोंच्या पुढे. ही झाली दारं-खिडक्या बंद असतानाची गोष्ट. वाऱ्याच्या तोंडचं दार निखळलं की वारा आत शिरतो आणि फुगा फुगवावा तसं घर आतून फुगवतो. वरून ओढ, खालून रेटा. आपल्या आयएस ८७५ या मानकात घराच्या आतल्या दाबाचा गुणांक लहान फटी असलेल्या घराला ०.२ धरतात, मोठी उघडीप असेल तर ०.७. म्हणजे एक दार गेलं की त्याच टिनावरचा भार ढोबळमानाने दीडपट, तीनशे किलोंच्या वर.

२४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडात हेच केलं. खिडक्या फुटल्या, गॅरेजची रुंद दारं आत कोसळली आणि मागोमाग छपरं गेली. त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम कडक झाले. मायामीत खिडकीवरच्या पत्र्याची परीक्षा मजेशीर असते. सुमारे चार किलोचं लाकूड हवेच्या तोफेतून ताशी ५५ किलोमीटर वेगाने त्याच्यावर मारतात. पत्रा वाकला तर चालतो, पण आरपार भोक पडता कामा नये. मग तोच वाकलेला पत्रा हजारावर वेळा दाबून-ओढून पाहतात.

हे दाबणं-ओढणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर ट्रेसी वादळाने जवळजवळ झोपवलं. अनेक घरांवर स्क्रू जागेवरच होते, पत्रे मात्र निघून गेले होते. तासन्‌तास फडफडून स्क्रूभोवतीचा पत्रा थकला, त्याला चिरा गेल्या आणि भोक मोठं होऊन तो स्क्रूच्या डोक्यावरून निसटला. तेव्हापासून तिथे नुसता जोर लावून नव्हे, पत्र्याला थकवून तपासतात.

धनजला समुद्र नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तसं काही तिथे येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांतलं वावधन अर्ध्या तासात आटोपतं. पण टिनाला थकायला एकच वादळ लागतं असं नाही. या वर्षी सैल झालेलं टिन पुढच्या वर्षी जातं. बहुतेक वेळा सुरुवात वळचणीच्या कोपऱ्यापासून होते, कारण छपराच्या कडा आणि कोपरे यांवरची ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. आणि आपला मिस्त्री बोल्ट मारतो सगळीकडे सारख्याच अंतरावर!

म्हणून धनजकर वाचकाला माझा सल्ला असा: खिडकीच्या पोलादी पत्र्यावर पैसे घालू नका. दाराला आतून आडवा अडसर, खिडकीला धड कडी, एवढं तिथे पुरे. उरलेला पैसा वर घाला. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या ओळींत बोल्ट दुप्पट, प्रत्येकाखाली रुंद वॉशर, आणि भोक लांबट झालं असेल तर ते डांबराने न बुजवता शेजारी नवं पाडा.

टिनावरचे दगड मात्र आधी उतरवा. दोनशे किलोंच्या ओढीपुढे दहा-दहा किलोंचे चार दगड किती पुरणार? टिन उचललं की तेच दगड खाली, खाटेवर झोपलेल्या माणसावर येतात. दर उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात आणि दर पावसाळ्याआधी लोक पुन्हा दगड वर चढवतात. मला याचा राग येतो.

याच वाचकाने दुकानाच्या शटरबद्दलही विचारलं आहे. रुंद शटर बाजूच्या पट्ट्यांतून मधोमध वाकून सुटतं, तेव्हा ते गॅरेजच्या दाराचंच भावंड. मधे एक काढता-घालता येणारा उभा लोखंडी खांब लावा. कैचीचं पुढच्या आठवड्यात, मधे आणखी कुणी काही विचारलं नाही तर.