पोकरच्या खेळात काळ्या चष्म्याची उपयुक्तता

पोकरच्या खेळात पत्त्यांइतकेच महत्त्व प्रतिपक्षाचे मन ओळखण्यास असते. म्हणून कित्येक खेळाडू काळा चष्मा लावून डावास बसतात. ही सावधगिरी कितपत सार्थ आहे?

तिच्यामागील समजुतीस शास्त्रीय आधार आहे. शिकागो विद्यापीठातील हेस व पोल्ट यांनी १९६० साली असे दाखवून दिले की, चित्ताकर्षक वस्तू दिसताच डोळ्याची बाहुली विस्फारते. ही क्रिया इच्छेच्या अधीन नसते. तथापि १९६४ साली त्याच संशोधकांना मनातल्या मनात गुणाकार करणाऱ्यांचीही बाहुली विस्फारलेली आढळली. अर्थात केवळ विस्फार पाहून खेळाडूस उत्तम पत्ते आले, की तो हिशेबात गढला आहे, हे ठरविता येत नाही. शिवाय काळसर बुबुळातील बाहुली टेबलापलीकडून क्वचितच स्पष्ट दिसते. दृष्टीची दिशा मात्र सहज कळते. चष्म्याचा खरा लाभ ती झाकण्यात आहे.

परंतु गुपित केवळ डोळ्यांतूनच फुटते असे नाही. स्लेपियन प्रभृतींनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत व्यावसायिक खेळाडूंची चलच्चित्रे प्रेक्षकांस दाखविली होती. केवळ चेहरा पाहणाऱ्यांचे पत्त्यांविषयीचे अंदाज यदृच्छेहूनही वाईट ठरले. पैज लावणारे हात पाहणाऱ्यांचे मात्र तीहून सरस ठरले.

उलटपक्षी, मंद प्रकाशात गडद काचेतून पत्ता चुकीचा वाचला जाण्याचा धोका असतोच. सारांश, नजर आवरता येईपर्यंत नवख्यास चष्मा उपयोगी पडेल. परंतु प्रत्येक डावात हाताची हालचाल एकसारखी ठेवण्याची सवय त्याहून अधिक मोलाची होय.